टेबलावरचं काळीज

दचकू नका. डॉक्टरांच्या टेबलावर, प्रेशर मोजायच्या मशीनशेजारी जे लालभडक काळीज बसलंय ना, तेच बोलतंय. हो, मीच बोलतोय. धडधडत नाही म्हणून मला बोलता येत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मी आहे प्लॅस्टिकचं हृदय. लांबून दिसावं म्हणून मला चांगलं नारळाएवढं केलंय. माझे दोन भाग होतात आणि लोहचुंबकानं परत टक् करून मिटतात. बाहेरून तांबड्या-निळ्या नळ्या आहेत. त्यातली एक नळी मुद्दाम कापून उघडी ठेवलीय आणि तिच्या आत पिवळी चरबी साचलेली दाखवलीय. माणसं नेमकं तिथंच बोट लावतात, "ईऽऽ" म्हणतात आणि बोट पदराला पुसतात. अहो, प्लॅस्टिकची चरबी पदराला लागेल कशी? पण पुसतात खरी.

माणसं बघून थक्क होणं हा माझा रोजचाच धंदा. पण एक गोष्ट अशी घडली की तिचा धक्का अजून ओसरत नाही. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मात्र आधी मी कुठला, कोणाचा, ते सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लॅस्टिक साच्यात ओतलं, थंड केलं, खरखर घासलं. मग एका बाईनं मला रंगवलं. ती रंगवता रंगवता जेवत होती. एका हातात चपाती आणि दुसऱ्या हातात ब्रश. मी मनात म्हटलं, अगं बाई, काळीज रंगवतेयस, जरा जपून! तिनं शेजारणीला लोणचं मागितलं आणि माझ्या निळ्या नळीवर शेवटचा हात मारला. माझा पहिला धक्का तो.

तिथून मी एका औषध कंपनीच्या ललित नावाच्या पोराच्या बॅगेत आलो. औषधं खपवायला तो दवाखान्या-दवाखान्यांतून हिंडायचा. त्यानं मला बोईसरला डॉ. नरहरींच्या टेबलावर ठेवलं. "सर, कंपनीकडून भेट," म्हणाला आणि निघून गेला. मला साधं 'येतो' सुद्धा म्हणाला नाही.

डॉ. नरहरींचा दवाखाना तारापूरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. शिफ्ट सुटली की कामगारांची ही रांग. डॉक्टर मनानं सोन्यासारखे, पण समजावण्याची तऱ्हा भलतीच. खोकत खोकत कोणी आत आला की ते मला उचलायचे, उघडायचे आणि धाडकन टेबलावर आपटायचे. "देख! बीडी पीता है ना? ये ऐसे बंद पड़ेगा. खलास!"

समोरचा माणूस पांढराफटक पडायचा. "जी साब, आज से बंद," म्हणायचा, हात जोडायचा आणि बाहेर जायचा. एकदा मी खिडकीतून बघितलं, तर पायरीवर उभा राहून अशाच एकानं बिडी पेटवली होती. घाबरला होता ना बिचारा! भीती घालवायला त्याच्याकडे दुसरं होतं काय? मी तर हबकूनच गेलो. ज्या भीतीनं बिडी सुटायला हवी, तिनंच ती पेटली की हो!

असे घाबरलेले बरेचसे परत यायचेच नाहीत. डॉक्टरांना वाटायचं, सुधारले. मला काय वाटायचं ते विचारायला कोणाला वेळ नव्हता.

पुढे डॉ. नरहरी थकले आणि आपल्या चिकूच्या वाडीत राहायला गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या डॉ. स्वातींनी पालघरला नवा दवाखाना काढला होता. "घे, हे तुला ठेव," म्हणत त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "लोक याला बघून सरळ होतात." स्वातीनं हसून मला घेतलं. मी म्हटलं, सुटलो बाबा, आता आपटाआपटी नको.

स्वाती आवाज चढवत नसे. प्रेशर बघायची, साखर बघायची, वय आणि तंबाखू विचारायची, सगळं कॉम्प्युटरमध्ये घालायची आणि मऊ आवाजात सांगायची, "पुढच्या दहा वर्षांत तुम्हाला हार्ट अटॅक यायची शक्यता शंभरात वीस." मला तिचं फार कौतुक वाटलं. आता कसं हिशेबात बोलणं झालं!

पण हाय रे देवा! मासवणकडचे एक वाडीवाले ते ऐकून खुर्चीतून उठलेच. "शंभरात वीस? म्हणजे ऐंशी टक्क्यांनी पास! अहो, मॅट्रिकला मला एवढे नव्हते मिळाले." त्यांनी जाता जाता बाहेर बसलेल्या लोकांनाही ही खुशखबर दिली. आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या शिक्षिकाबाईंना स्वातीनं शंभरात फक्त पाच सांगितले, तर त्या ढसाढसा रडायला लागल्या. तिथूनच नवऱ्याला फोन लावून कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय ते सांगून टाकलं. मी आळीपाळीनं दाराकडे आणि बाईंकडे बघत राहिलो. एकाला चौपट धोका आणि तो शीळ घालत गेला!

स्वाती शेवटी सगळ्यांना विचारायची, "समजलं ना?" आणि सगळे मान हलवायचे. वाडीवाल्यांनी हलवली, शिक्षिकाबाईंनीही हलवली. डॉक्टरांपुढे 'नाही समजलं' म्हणायचं म्हणजे आपणच ढ ठरायचं, असं माणसांना का वाटतं कोण जाणे. मान हलली की स्वाती पुढच्या पेशंटला बोलवायची.

आता ती गोष्ट सांगतो.

जून लागला होता. सातपाटीच्या बोटी किनाऱ्याला ओढून, वर ताडपत्र्या घालून शाकारून झाल्या होत्या. पावसाळ्यात मासेमारीला बंदी लागली की तिकडची माणसं वर्षभर टाकून ठेवलेली सगळी कामं काढतात. घराचे पत्रे, पोरीच्या लग्नाची बोलणी, दुखरी दाढ, सगळं बंदीत. अशाच एका दुपारी जयवंती नावाची एक धिप्पाड कोळीण नवऱ्याला दंडाला धरून आत घेऊन आली.

"बाय, यांना बघा. चार पायऱ्या चढले की दम लागतो. दिवालीपासून सांगते डाक्टरकडं चला, तर म्हनतात, बंदी लागू दे, मंग जाऊ."

नवऱ्याचं नाव कृष्णकांत. बोटीचे तांडेल, म्हणजे बोट घेऊन जाणारे आणि सुखरूप परत आणणारे मुख्य. उन्हानं रापलेला भरदार गडी, पण खुर्चीत शाळेतल्या पोरासारखा अंग चोरून बसला होता. प्रेशर वाढलेलं, साखर वाढलेली, रक्तात चरबी, त्यात तंबाखू. स्वातीनं हिशेब केला आणि सांगितलं, "काका, शंभरात तीस."

कृष्णकांत हसायलाच लागले. "बाय, आमी दर्यावरची मानसं. वारा फिरला तर शंभरचे शंभर जातात, नाय फिरला तर येक बी जात नाय. तीस कुठून आनले तुमी?"

स्वाती परत कॉम्प्युटरमधले आकडे बघायला लागली. मी म्हटलं, झालं, हाही गेला हातचा. तेवढ्यात तिचे डोळे चमकले. तिनं मला उचललं, कापलेली नळी त्यांच्यापुढे धरली.

"काका, बोट किनाऱ्याला ओढली की तळाला काय दिसतं?"

"शिंपा, कालवं. चिकटून बसल्याली."

"मग?"

"मंग काय, खरवडायची. भेगा बुजवायच्या, तेल द्यायचं, रंग द्यायचा. नायतर बोट जड होते, कधी फुटंल भरवसा नाय."

"अगदी तसंच ह्या नळीत झालंय. ही चरबी म्हणजे तुमची कालवं. आणि ह्या गोळ्या म्हणजे डागडुजी."

अहो, काय सांगू! त्या माणसाचा चेहरा असा उजळला! त्यांनी मला दोन्ही हातांत घेतलं, अंगठा नळीतून फिरवला आणि बायकोकडे वळले. "बघ जयवंती, ही कालवं. हितं अडकलं की हिकडचं सगलं मेलं. गोली खाल्ली की साफ." इतकं छान तर स्वातीलाही सांगता आलं नव्हतं. जयवंतीनं मान हलवली, कृष्णकांतनी हलवली, आणि "समजलं ना?" हे विचारायचीसुद्धा गरज स्वातीला वाटली नाही. मी पण त्या दिवशी फुशारलो होतो. म्हटलं, जन्माला आल्याचं सार्थक झालं.

कृष्णकांत वेळच्या वेळी गोळ्या घ्यायला लागले. तंबाखूही टाकली. जुलै सरता सरता परत आले ते मुलाला घेऊन. दिपेश त्याचं नाव, बापाच्याच बोटीवर. तिशीही उलटली नव्हती आणि प्रेशर बापासारखंच वाढलेलं. स्वातीनं त्यालाही गोळ्या दिल्या. समजावायचं काम मात्र बापानंच केलं. मला हातात घेऊन त्यांनी कालवं, खरवडणं, डागडुजी, सगळं जसंच्या तसं मुलाला सांगितलं. स्वाती गालावर हात ठेवून कौतुकानं ऐकत होती.

मग तिनं काकांचं प्रेशर मोजलं, रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि टाळीच वाजवली. "काका, एकदम फर्स्ट क्लास! मस्त काम झालंय."

"मंग बोट तयार?" त्यांनी विचारलं.

"एकदम तयार!"

दोघंही खळखळून हसले. मीही मनातल्या मनात हसलो. देवा शपथ सांगतो, त्या हसण्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा जरासुद्धा वाटलं नाही.

नारळी पुनव झाली, बोटी पाण्यात उतरल्या. तांडेल आता कुठले येतायत? दिवाळीच्या सुमाराला एकदा उभ्या उभ्या येऊन गेले. हातात पिशवी, पिशवीत दोन ताजी पापलेटं. "बाय, तुमच्यासाठी. आता जिना चढलो तरी दम लागत नाय." बाहेर तापाच्या पेशंटची गर्दी उसळली होती. "गोळ्या घेताय ना व्यवस्थित?" स्वातीनं विचारलं. "घेतल्या की, येक दिवस नाय चुकवला!" ते छाती फुगवून म्हणाले. तिनं आभार मानले, पिशवी फ्रीजमध्ये ठेवायला सांगितली आणि पुढच्या पेशंटच्या नाडीला हात घातला.

जानेवारीतल्या एका सकाळी दवाखाना उघडून जेमतेम झाडलोट झाली होती, तोच बाहेर टेम्पो करकचून थांबला. चार जणांनी कृष्णकांतना उचलून आत आणलं. अंगावर बोटीवरचेच ओले कपडे, कपाळावर घामाच्या धारा, ओठ काळेनिळे. जाळं ओढता ओढता छातीत कळ आली आणि ते फळीवर बसले ते उठलेच नाहीत. दिपेशनं बोट वळवली, पण किनारा का जवळ होता? मागोमाग जयवंती बाजारातून धावत आली. हाताला माशांचे खवले तसेच चिकटलेले होते.

स्वातीनं कॉटवर घेतलं, ईसीजीची पट्टी काढली. पट्टी बघताच तिचा चेहरा उतरला. जिभेखाली गोळी, चावायला गोळी, ऑक्सिजन, अॅम्ब्युलन्सला फोन, सगळं ती भराभर करत होती. आणि करता करताच तिनं विचारलं, "मावशी, रोजच्या गोळ्या शेवटच्या कधी घेतल्या?"

"पुनवेच्या आधी," जयवंती म्हणाली.

"कुठल्या पुनवेच्या?"

"नारली पुनवेच्या."

स्वातीचा हात जागच्या जागी थांबला. "बंद केल्या? कोणी सांगितलं बंद करायला?"

जयवंती तिच्याकडे बघतच राहिली. तिला तो प्रश्नच कळेना. "बाय, बोट पान्यात उतरली ना? डागडुजी बंदीत करतात. तुमीच तर बोललात. सगला कोर्स पुरा केला त्यांनी, येक दिवस नाय चुकवला. राहिलेल्या गोल्या डब्यात जपून ठेवल्यात, पुढच्या बंदीसाठी."

मी टेबलावर बसल्या बसल्या गार पडलो. काय ऐकत होतो मी? निष्काळजीपणा नाही, हट्ट नाही, आळस नाही. त्या माणसानं ऐकलं होतं! जे सांगितलं ते अक्षरन् अक्षर ऐकलं होतं. बोट वर्षातून एकदा किनाऱ्याला ओढतात, खरवडतात, रंगवतात आणि मग पुढची बंदी येईपर्यंत तिच्या तळाकडे कोणी बघत नाही. डागडुजी म्हणजे हेच. सातपाटीतल्या कोणालाही विचारा. आणि गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या, बरं वाटलं तरी घ्यायच्या, हे स्वाती बोलली होती का? मी आठवून आठवून बघितलं. नव्हती बोलली. तिला ते सांगायचीही गरज वाटली नव्हती. इतकं छान समजलं होतं ना सगळ्यांना!

अॅम्ब्युलन्स आली. कृष्णकांतनी स्ट्रेचरवरून स्वातीकडे बघितलं आणि क्षीण आवाजात म्हणाले, "बाय, डागडुजी तर केलती."  तिनं त्यांचा हात हातात घेतला आणि दारापर्यंत सोबत गेली. मनोरच्या रस्त्यानं मोठ्या हॉस्पिटलकडे गाडी निघाली. मासवण ओलांडून थोडं पुढं गेल्यावर दिपेशचा फोन आला. सगळं संपलं होतं.

त्या दिवशी स्वातीनं दवाखाना बंद केला आणि आतल्या खुर्चीत बसून रडली. मलाही रडायचं होतं, पण मला तशी सोय नाही. बाहेर लोक म्हणत होते, दर्याचं काम, दगदगीचं, गेला बिचारा. कोणी डॉक्टरला बोल लावत नव्हतं. तिनं तोंड मिटून घेतलं असतं तर तिची चूक कोणालाच कधी कळली नसती. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

बाराव्याचं झाल्यावर ती सातपाटीला निघाली. निघताना थांबली, परत फिरली आणि मला पिशवीत घातलं. पिशवीच्या उघड्या तोंडातून मी पहिल्यांदाच दर्या बघितला. बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील बघितले. जयवंतीच्या पडवीत बोटीवरची माणसं बसली होती. जयवंती भिंतीला टेकून बसली होती. तिचं कपाळ मोकळं बघून मला कसंसंच झालं.

स्वाती बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात बोटीवरचा जुना खलाशी रामू म्हणाला, "बाय, तांडेल गेले, पन आमाला शानं करून गेले. आमची बी प्रेशरं सरकारी दवाखान्यात नेऊन मोजून घेतली त्यांनी. आता आमी बी बंदीतच गोली घेतो. दोन महिने घ्यायची, मंग डबा माल्यावर. ह्या आलीतले सगले तसंच करतात."

"मी बी," दिपेश म्हणाला. "बाबांचं ऐकून मी बी पुनवेला बंद केली."

बाप रे! एकट्या कृष्णकांतपुरतं नव्हतंच हे! एवढे सगळे बाप्ये, रोज दर्यात जाणारे, आणि प्रत्येकाच्या गोळ्या माळ्यावर बंदीची वाट बघत पडलेल्या. ज्या तांडेलांनी त्यांच्यावर माया केली त्यांनीच हे शिकवलं होतं. आणि त्यांना हे शिकवलं होतं स्वातीनं, मला हातात धरून. पिशवीत माझी दोन्ही अंगं एकमेकांवर गच्च दाबली गेली होती, आणि मला वाटलं, आता मी फुटतो.

स्वाती पांढरी पडली होती. तरी ती उठून उभी राहिली. "मावशी, दिपेश, ऐका," ती म्हणाली. "काकांचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. डागडुजी हा शब्द मी दिला. ह्या गोळ्या बंदीतल्या नाहीत. बारा महिने, रोज घ्यायच्या आहेत. बरं वाटलं तरी. हे मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं, तर काका कदाचित आज इथं बसले असते."

 जयवंती हळूहळू उठली. स्वातीच्या समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती हात उगारणार, आणि उगारला असता तर मी तिला दोष दिला नसता.

"येवढ्या शिकलात," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "समजलं का, समजलं का, सगले तेच इचारता. काय समजलं, ते येकदा नाय इचारलंत? ते सांगत होते की तुमच्यासमोर! पोराला सांगितलं तुमच्यासमोर! तुमी हसत होतात!"

"हो," स्वाती म्हणाली. "हसत होते."

 जयवंती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बायका तिच्याजवळ सरकल्या. स्वाती तिथंच, तिच्यासमोर जमिनीवर बसली. निघून गेली नाही. मला हे फार मोठं वाटलं.

बऱ्याच वेळानं स्वातीनं मला पिशवीतून बाहेर काढलं. ह्या खेपेला ती सांगायला लागली नाही. तिनं दिपेशला विचारलं, "बोट दर्यात असताना रोज करावंच लागतं असं काय काम असतं? नाही केलं तर बुडेल असं?"

"पानी उपसायला लागतं," दिपेश म्हणाला. "कितीबी चांगली बोट असू दे, तलाशी पानी येतंच. रोज उपसायचं."

"बोट कोरडी दिसली म्हणून थांबता?"

"थांबलं तर भरंल की."

"मग आता तू मला सांग, गोळी म्हणजे काय?"

दिपेशनं मला हातात घेतलं. त्याच्या बापानं जिथं अंगठा फिरवला होता तिथंच त्याचा अंगठा आला. "पानी उपसनं," तो हळूच म्हणाला. "रोजचं." मग रामूकडे वळला, रामूनं त्याच्या शब्दांत सांगितलं, मग पुढच्यानं. स्वाती एकेकाला बोलायला लावत होती आणि कुठं चुकलं की परत विचारत होती. कोणाला नुसती मान हलवू देत नव्हती.

"आन् बंद कवा करायची?" रामूनं विचारलं. "बोट किनाऱ्याला ओढली की आमी उपसायचं बंद करतो."

 स्वातीच्या आधी जयवंती उठली. तिनं दिपेशच्या हातातून मला घेतलं. तिचे हात खरबरीत होते.

"ही बोट येकदाच किनाऱ्याला लागते," ती दिपेशकडे बघत म्हणाली. "तुज्या बापाची लागली. बघितलीस ना?"

 दिपेश माळ्यावर चढला आणि आपला डबा घेऊन खाली आला. जयवंतीनं स्वातीकडे बघितलं. स्वातीनं आधी त्याचं प्रेशर मोजलं, मग गोळी काढून दिली. जयवंतीनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे धरला आणि त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

आता मी परत पालघरच्या टेबलावर आहे. माझा रंग उडत चाललाय, चुंबक सैल झालंय. स्वातीच्या दवाखान्यात 'समजलं ना?' हा प्रश्न बंद झालाय. ती विचारते, "घरी जाऊन काय सांगाल?" आणि माणसं जे काही सांगतात ते ऐकून मी अजूनही रोज हबकतो. ती मात्र हसत नाही. पहिल्यापासून परत सांगते. बाहेरच्या लोकांना उशीर होतो, ते कुरकुरतात, आणि मी मनात म्हणतो, कुरकुरा बाबांनो, पण बसा.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. डॉक्टर सांगतील तेव्हा मान हलवून उठू नका. आपल्याला काय समजलं ते त्यांना तोंडानं सांगा, चुकलं तर चुकू द्या. आणि आज घरी गेल्यावर विचारा, 'आता बरं वाटतंय' म्हणून कोणी गोळी बंद तर केली नाही ना? कोणी नाही, असं तुम्हाला वाटत असेल. स्वातीलाही तसंच वाटत होतं. विचारा.